सात टिचक्या मारण्याआधी दोन मिनिटं

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा. राजकारणावर नाही, निदान वरवर पाहता तरी नाही. विषय आहे तुमच्या-माझ्या फोनमधल्या एका लपवलेल्या बटणाचा.

गेल्या काही महिन्यांत वर्धा, सेलू, आर्वी, हिंगणघाट असं फिरताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. माणूस झेरॉक्स-कॉम्प्युटरच्या दुकानात येतो. त्याला सोयाबीनच्या नुकसानीचे फोटो प्रिंट करून तक्रारीला जोडायचे असतात, नाहीतर पोरीच्या फॉर्मसाठी मोबाईलमधली टीसी काढायची असते. दुकानातला पोरगा केबल लावतो. कॉम्प्युटरवर फोटो दिसत नाहीत. मग तो म्हणतो, "भाऊ, डेव्हलपर ऑप्शन चालू करा लागते." तो फोन हातात घेतो, सेटिंगमध्ये शिरतो, एका ओळीवर टकटक सात वेळा बोट मारतो, एक-दोन बटणं सरकवतो आणि पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला 'ओके' म्हणतो. फोटो निघतात, दहा-वीस रुपये दिले जातात, माणूस घरी जातो. बटण चालूच राहतं.

देवळी तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या एका काकाजींचं असंच झालं. ते माझ्याकडे आले ते वेगळंच गाऱ्हाणं घेऊन. "पाहा नं भाऊ, बँकेचं ॲप उघडूनच नाही राहिलं. चार दिवसांपासून चकरा मारून राहिलो." बँकेत कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की फोन जुना झाला, नवा घ्या. फोन दीड वर्षाचा. ॲप उघडलं की पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी यायच्या आणि ॲप बंद व्हायचं. त्या ओळी मी वाचून दाखवल्या: तुमच्या फोनमध्ये डेव्हलपर मोड चालू आहे, तो बंद करा आणि मग या. अनेक बँकांची ॲप असं करतात, सुरक्षेसाठीच करतात. एक बटण बंद केलं आणि ॲप सुरू झालं. बारा-पंधरा हजारांचा नवा फोन वाचला.

काकाजी हसत गेले. मी मात्र त्या बटणाचा विचार करत बसलो. कारण ॲप उघडलं नाही म्हणून तरी काकाजींना कळलं. ज्यांच्या फोनमध्ये बँकेचं ॲपच नाही, त्यांना कधी कळणार?

हे बटण आहे तरी काय?

ज्यांचा फोन अँड्रॉइडचा आहे, म्हणजे आपल्याकडे बहुतेकांचा, त्यांच्या सेटिंगमध्ये 'डेव्हलपर पर्याय' नावाचं एक पान असतं. पूर्वी ते उघडंच दिसायचं. २०१२ साली अँड्रॉइडची ४.२ ही आवृत्ती आली, तेव्हापासून गूगलने ते लपवलं. 'अबाउट फोन'मध्ये जाऊन 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा टिचकी मारली की ते उघडतं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ती ओळ वेगळ्या नावाने किंवा एक पान आत असते. सात वेळा यासाठी, की चुकून कोणाचं बोट लागू नये. मग फोन सांगतो, तुम्ही आता डेव्हलपर झालात. आपण काही झालेलो नसतो, पण दार उघडलेलं असतं.

त्या पानावर 'यूएसबी डीबगिंग' हे बटण असतं. ॲप बनवणाऱ्यांना आपलं ॲप फोनवर टाकून त्यातल्या चुका शोधाव्या लागतात, त्यासाठी ते आहे. ते चालू असलं आणि कॉम्प्युटरला परवानगी मिळाली, की तो कॉम्प्युटर केबलमधून फोनला थेट हुकूम देऊ शकतो. फोनमधल्या फाइली काढून घेणं, नवं ॲप टाकणं, त्या ॲपला काही परवानग्या देणं, पडद्याचा फोटो किंवा व्हिडिओ घेणं, हे सगळं फोनला हात न लावता होतं.

घाबरवायचं नाही, म्हणून हेही सांगतो. प्रत्येक ॲपच्या आतली खासगी माहिती अँड्रॉइड वेगळी कुलूपबंद ठेवतं, त्यामुळे केबल लावली आणि बँकेचा पासवर्ड दिसला असं होत नाही. पण फोटो, कॉल रेकॉर्डिंग, डाऊनलोड केलेले आधार-पॅन, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आणि कागदपत्रं ही उघड्या साठ्यात असतात. बहुतेकांचं घर तिथेच असतं.

मध्ये एक चौकीदार बसवलेला आहे. २०१३ पासून अशी सोय आहे, की नवा कॉम्प्युटर जोडला की फोन विचारतो: या कॉम्प्युटरला परवानगी द्यायची का? खाली एक चौकोन असतो, 'या कॉम्प्युटरला नेहमी परवानगी द्या'. फोनचं कुलूप उघडल्याशिवाय तुम्हाला याला हो म्हणता येत नाही. आणि इथेच आपली गंमत आहे. आपण फोन देतो तोच कुलूप उघडून देतो. चौकीदार विचारतो, आणि उत्तर घरमालक देत नाही, दुकानातला पोरगा देतो. चौकोनात टिक झाली, की त्या कॉम्प्युटरची ओळख फोनमध्ये साठवली जाते. पुढच्या वेळी केबल लावली की विचारणाही नाही. अँड्रॉइड ११ पासून म्हणजे २०२० नंतरच्या आवृत्त्यांमध्ये सात दिवस तो कॉम्प्युटर जोडला नाही तर परवानगी आपोआप जाते. पण मधल्या सात दिवसांचं काय, आणि जो माणूस दर आठवड्याला त्याच दुकानात जातो त्याचं काय? शिवाय गावात जुने फोन किती आहेत, हे तुम्हीच सांगा.

मुळात गरजच नव्हती

माझ्या मते या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. फोटो, व्हिडिओ, पीडीएफ कॉम्प्युटरवर घ्यायला डेव्हलपर ऑप्शन लागतच नाही.

२०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून फोन केबलला जोडला की तो फक्त चार्ज होतो, फाइली दाखवत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे, बिघाड नाही. जोडल्यावर फोनचं कुलूप उघडायचं, वरून खाली पट्टी ओढायची, 'यूएसबीने चार्ज होत आहे' अशी ओळ दिसते तिच्यावर बोट ठेवायचं आणि 'फाइल ट्रान्सफर' निवडायचं. संपलं. तरी दिसलं नाही तर आधी केबल बदला. बाजारात मिळणाऱ्या कित्येक स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून फाइल जातच नाही. म्हणजे केबलच्या दोषापायी फोनचं मागचं दार उघडलं जातं.

दुकानातल्या पोरांना मी दोष देत नाही. त्यांना कोणीतरी व्हिडिओत दाखवलं, त्यांनी केलं, काम झालं. गिऱ्हाईक रांगेत उभं असतं. पण एकदा हे कळलं की पुढे तसं करायचं काही कारण उरत नाही.

यात आणखी एक मुद्दा आहे, तो पत्रकार म्हणून सांगतो. लोक मला पुरावे व्हॉट्सॲपवर पाठवतात. रस्त्याच्या कामाचा फोटो, रेशन दुकानातला व्हिडिओ. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि तो कधी, कुठे काढला ही त्याच्या पोटातली नोंद निघून जाते. केबलने काढलेली फाइल जशीच्या तशी राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू म्हणजे एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा नोंदवावा लागतो. फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी ठसा बदलतो. म्हणून मूळ फाइल फोनमध्ये जपा, आणि तिची प्रत घ्यायची तर केबलने घ्या. तुमचा मुद्दा खरा असून पुरावा कच्चा ठरला, असं व्हायला नको.

मग हे बटण वाईटच का?

नाही. आपल्या जिल्ह्यातली इंजिनिअरिंगची पोरं याच बटणाने आपलं पहिलं ॲप स्वतःच्या फोनवर चालवून पाहतात. फोनसोबत आलेली, काढता न येणारी फालतू ॲप याच मार्गाने बंद करता येतात. फोनचा पडदा मोठ्या पडद्यावर दाखवून शाळेत शिकवणारे मास्तर मला माहीत आहेत. मी स्वतःही ते वापरतो, माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर, आणि काम झालं की बंद करतो. विळा घरात हवाच, पण तो अंगणात उघडा टाकून कोणी झोपत नाही.

आणि दुसरी बाजूही लक्षात घ्या. लग्नपत्रिकेच्या, आरटीओ चलानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते आणि खातं रिकामं होतं, त्याला ही केबल लागत नाही, हे बटणही लागत नाही. तो वेगळा चोर आहे. त्यासाठी नियम एकच, अशी फाइल उघडायची नाही. आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा.

हा सार्वजनिक प्रश्न का आहे?

कारण हा फोन आपण हौसेने नाही घेतलेला. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून स्वतःच्या फोनने पिकाचा फोटो टाकायचा. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस विकायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. आपला जिल्हा कापसाचा, त्यामुळे हे आपल्याला टळणारं नव्हतं. अंगणवाडी ताईंचा पोषण ट्रॅकर फोनवर. रोजगार हमीची हजेरी फोनवर. पैसे, आधारचा ओटीपी, सगळं फोनवर. शासनाने कचेरी उचलून आपल्या खिशात ठेवली, पण त्या कचेरीला कुलूप कसं लावायचं हे कोणी शिकवलं नाही. मग माणूस काय करेल? ज्याला येतं त्याच्या हातात उघडा फोन देईल. तो निष्काळजी नाही, त्याच्यापुढे दुसरा रस्ता ठेवलेला नाही.

सेवाग्राम आश्रमात बापूंच्या दफ्तरात गेलात तर तिथला टेलिफोन पाहा. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता. एक फोन, एक तार. तार कुठून येते आणि पलीकडे कोण आहे, हे आश्रमात सगळ्यांना माहीत. आपल्या फोनला दिवसभरात किती तारा जोडल्या जातात आणि पलीकडे कोण असतो, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

माझ्या धंद्यात हा प्रश्न आणखी बोचरा होतो. पत्रकारितेची पदविका करताना आम्हाला शिकवलं होतं, सूत्राचं नाव जीव गेला तरी सांगायचं नाही. तेव्हा नाव डायरीत असायचं आणि डायरी कपाटात. आज एका योजनेतला गैरव्यवहार सांगणाऱ्या कर्मचारी बाईचा आवाज माझ्या फोनमध्ये असतो. तिची नोकरी, तिचं गावात राहणं त्या एका फाइलवर टिकून असतं. मी वचन पाळलं आणि माझा फोन कोणाच्या तरी कॉम्प्युटरला 'नेहमी परवानगी' देऊन बसला, तर त्या वचनाला काय अर्थ?

हे केवळ कल्पनेतलं नाही. सर्बियात दिमित्रोवग्राद नावाचं लहानसं गाव आहे. तिथला स्थानिक पत्रकार स्लाविशा मिलानोव याची फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांनी रस्त्यावर गाडी अडवली आणि त्याला ठाण्यात नेलं. फोन बाहेर ठेवायला सांगितला. फोन परत मिळाल्यावर त्याला सेटिंग बदललेली दिसली. त्याला संशय आला, त्याने तपासणी करून घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने अहवालात सांगितलं, की त्याचा फोन सेलेब्राइट कंपनीच्या उपकरणाने उघडला गेला होता आणि त्यात नोवीस्पाय नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. नंतर सेलेब्राइटने सर्बियातल्या काही ग्राहकांना आपलं उत्पादन वापरायला बंदी केली. तिथे पासवर्ड न सांगताही कुलूप तोडलं गेलं, म्हणजे आपलं बटण बंद असलं तरी अशा महागड्या यंत्रापुढे तेवढ्याने भागत नाही, हे मान्य. पण आपल्याकडे तर यंत्राचीही गरज पडत नाही. आपण कुलूप उघडून हातात देतो.

आपल्या देशातही हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे. पत्रकारांचे फोन-लॅपटॉप जप्त करण्याबाबत फाउंडेशन फॉर मीडिया प्रोफेशनल्सच्या याचिकेवर ७ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि सुधांशू धुलिया यांच्या खंडपीठाने ही बाब गंभीर असल्याचं सांगितलं, आणि केंद्राला मार्गदर्शक नियम करायला सांगितलं. पत्रकारांचेही स्रोत असतात, हे न्यायालयाने ध्यानात घेतलं. आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे तर २४ ऑगस्ट २०१७ लाच नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगून ठेवलं आहे. तो हक्क दिल्लीच्या पत्रकाराला जितका, तितकाच समुद्रपूरच्या शेतमजुराला.

तपासासाठी फोन जप्त होऊ शकतो, कायद्यात तशी तरतूद आहे, हुज्जत घालू नका. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. पंचनामा मागा, जप्तीच्या यादीची प्रत मागा. नम्रपणे मागा, पण मागा.

आता करायचं काय

आज संध्याकाळी पाच मिनिटं काढा. आपला फोन झाला की घरातल्या आईबाबांचा घ्या.

१. सेटिंग उघडा, वर शोधायच्या जागेत 'डेव्हलपर' असं इंग्रजीत किंवा मराठीत लिहा. पान सापडलं नाही, तर बहुधा ते बंदच आहे. काही करू नका.

२. पान उघडलं आणि सगळ्यात वरचं बटण चालू असलं, तर आधी खाली जाऊन 'यूएसबी डीबगिंग ऑथोरायझेशन रद्द करा' या अर्थाची ओळ दाबा. त्याने आजवर परवानगी दिलेले सगळे कॉम्प्युटर एका झटक्यात विसरले जातात. मग वरचं मुख्य बटण बंद करा. फोनमधलं काही पुसलं जात नाही.

३. दुकानात फोटो काढायचे तर 'फाइल ट्रान्सफर' स्वतः निवडा. फोन तुमच्याच हातात ठेवा. केबल लांब असते, फोन काउंटरच्या पलीकडे जायची गरज नाही. त्याहून चांगलं, असा पेन ड्राइव्ह घ्या, जो फोनलाही लागतो आणि कॉम्प्युटरलाही. फक्त कामापुरते फोटो त्यावर टाकून द्या.

४. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला की 'ओके' म्हणण्याआधी थांबा आणि विचारा, "हे काय विचारून राहिलं?" विचारण्यात लाज नाही.

५. दुरुस्तीला फोन दिला आणि दुकानदाराला हे बटण खरंच लागलं, तर फोन परत घेताना त्याच्यासमोर बंद करून घ्या. चांगला दुकानदार चिडणार नाही. आयफोनवाल्यांनीही 'ट्रस्ट धिस कॉम्प्युटर' असा प्रश्न आला की हाच विचार करावा.

आणि एक मागणी, जिल्हा प्रशासनाकडे. प्रत्येक आपले सरकार सेवा केंद्रात दरपत्रक लावायचा नियम आहे, ते लागतंही. त्याच्या शेजारी मराठीत तीन ओळींचा एक फलक लावा: नागरिकाचा फोन चालकाने हातात घेऊ नये. ओटीपी नागरिकाने स्वतः टाकावा. फोनची सेटिंग नागरिकाला सांगितल्याशिवाय बदलू नये. यासाठी निधी लागत नाही, समिती लागत नाही, मंत्री यावे लागत नाहीत. एक कागद आणि चार टाचण्या लागतात. या मागणीचं निवेदन मी लिहून ठेवलं आहे. येत्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात देणार आहे. ज्यांना सही करायची त्यांनी सकाळी अकराला फाटकापाशी भेटावं. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, बचत गटाच्या ताई आल्या तर जास्त बरं, कारण फलक लागला की नाही हे शेवटी गावातच पाहावं लागणार आहे.

पोस्ट आवडली तर गावच्या ग्रुपवर टाका. माझं नाव काढून टाकलं तरी चालेल, पाच पायऱ्या तेवढ्या ठेवा.